पाटल्या घरातच राहू देत

ताई,
मी २७ वर्षांची आहे. इतिहासात एम.ए. केलं, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास झाले, मोडी वाचायला शिकले. तीन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. पैसे तासांवर, तेही चार-पाच महिन्यांनी एकदम. उन्हाळ्यात काहीच नाही. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग जुळवणारे-दुरुस्त करणारे) आहेत, आता त्यांना उभं राहवत नाही. मावसबहीण इंजिनिअर होऊन पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये गेली. तिच्याकडं बघून वाटलं, आपणही शिकावं. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतो. फी दीड लाख. आई पाटल्या गहाण ठेवायला निघालीय. पण मला बारावीला गणित नव्हतं. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते. भाऊजी म्हणतात, आर्ट्सवाल्यांना तिकडं कोण विचारतंय, आणि वयही गेलं. खरं सांगू? इतिहास सोडायचा म्हटलं की पोटात कालवतं. काय करू?
– एक इतिहासवाली, अशोक चौक, सोलापूर

प्रिय इतिहासवाली,

सगळ्यात आधी पाटल्यांचं लिहिते, कारण बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, पण ‘शनिवारपर्यंत भरा, दहा हजार सूट’ म्हणणारे क्लासवाले थांबत नाहीत. पाटल्या गहाण ठेवू नका. आईला आजच सांग.

मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले. २००१ साली पुण्यातल्या एका संगणक क्लासची फी भरायला वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. चौथ्या महिन्यात एका सकाळी क्लासच्या दाराला कुलूप. हप्ते मात्र पुढं तीन वर्षं वडिलांच्या पगारातून कापले गेले. त्या तीन वर्षांत ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं. म्हणून तुझ्या घरात असं काही होऊ नये असं मनापासून वाटतं.

क्लास वाईटच असतो असं नाही. पण दीड लाखाच्या बदल्यात काय मिळणार ते कागदावर वाच. जाहिरातीत ‘गॅरंटी’ असते आणि करारनाम्यात ‘असिस्टन्स’. म्हणजे ते चार कंपन्यांना तुझा बायोडेटा पाठवतील, बस. ‘सोप्या हप्त्यांत फी’ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुझ्या नावावरचं कर्ज. क्लास बंद पडला तरी हप्ता सुरूच राहतो, आणि चुकला तर सिबिल तुझं खराब होतं. आधीच्या तुकडीतल्या, क्लासनं न निवडलेल्या तीन-चार मुलांशी बोलल्याशिवाय कुठंही सही करू नकोस.

आणखी एक, आणि याबद्दल मला फार चीड आहे. काही ठिकाणी शेवटच्या महिन्यात मुलांना दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी पत्रं करून देतात. कुठल्या तरी कागदी कंपनीचं नाव, पगाराच्या पावत्या, सगळं. नोकरी देताना कंपन्या पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरदाराचा खातेक्रमांक, तपासतात. तिथं नोंद नसली की पितळ उघडं पडतं, कधी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी, आणि मग नोकरीही जाते, नावही जातं. तू अस्सल कागद आणि बनावट कागद यांतला फरक ओळखायला शिकलेली मुलगी आहेस. स्वतःच्या नावाचा बनावट कागद कुणालाही करू देऊ नकोस.

आता भाऊजी. त्यांचं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं तू डोळे उघडे ठेवून ऐकायला हवं. मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना जाहिरातीतच अटी घालतात: अभियांत्रिकी किंवा एमसीए, कधी बीसीए-बीएस्सी, अमुक सालीच उत्तीर्ण, दहावीपासून साठ टक्के. तुझा अर्ज तिथं माणसाच्या नजरेसही पडत नाही, छाननीतच गळतो. त्यातच २०२२ नंतर फ्रेशरांची भरती आटलीय, आणि नवशिक्यांना जो साधा कोड लिहायला देत असत तो आता एआयची साधनं झटक्यात लिहितात. त्यामुळे सहा महिन्यांत नोकरी लागेल असं मी तुला लिहिणार नाही. दीड ते दोन वर्षं धर. तेवढा काळ तासिका सोडू नकोस. पैसे उशिरा येतात, पण येतात, आणि कॉलेजचे तास संपल्यावर दुपार मोकळी असते. पुण्यात खोली घेऊन बेकार बसण्यापेक्षा अशोक चौकात राहून शिकणं कधीही बरं.

त्यांचं उरलेलं निम्मं चूक आहे. समोरचं दार बंद आहे, पण या घराला बरीच दारं आहेत. आर्ट्सवाल्यांना कोण विचारतं म्हणतात ना? पर्ल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा १९८७ साली ज्यानं घडवली तो लॅरी वॉल भाषाशास्त्राचा विद्यार्थी. लिपी नसलेली एखादी भाषा शोधायची आणि तिला लिपी द्यायची असा त्याचा बेत होता. मी स्वतः व्याकरण आणि शब्दार्थ घेऊन या धंद्यात आले. आधी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिली, मग टेस्टिंग केलं, मग कोड लिहिला. वीस वर्षं त्यावर घर चाललं.

पण तुला हे काम आवडेल का, हे तुझ्या पत्रात कुठंच नाही. मावसबहिणीचा पगार आहे, वडिलांचे पाय आहेत, कॉलेजची अवहेलना आहे. कोड लिहिताना कसं वाटलं, ते नाही, कारण तू अजून लिहिलेलाच नाहीस. म्हणून आधी तीन महिने, एक पैसा न घालता, रोज दोन तास. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिथून सुरू कर. हात बसला की हार्वर्डचा सीएस-५० हा कोर्स घे. तोही फुकट शिकता येतो, इंग्रजीत आहे, आणि शिकवणारा खरोखर जीव ओतून शिकवतो. एवढे दोनच. पाच कोर्स एकदम उघडून ठेवणारी मुलं एकही पुरा करत नाहीत, हे मी फार पाहिलंय. एमएस-सीआयटी झालंय म्हणून संगणक येतो असंही धरू नकोस. त्यात तू दुसऱ्यांनी बनवलेलं वापरायला शिकलीस.

तीन महिन्यांनी स्वतःला एक विचार: एखादी चूक सापडत नव्हती म्हणून जेवण झाल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडला, असं कधी झालं का? पाच-सहा वेळा तरी झालं असेल तर पुढं चल. एकदाही झालं नसेल तर बिनधास्त सोडून दे. त्यात कमीपणा नाही, आणि पाटल्याही जागेवर असतील.

मला वाटतं, तुझ्या बाबतीत ते होईल. का वाटतं ते सांगते.

तू सोलापुरात इतिहास शिकवतेस म्हणजे १९३० शिकवत असशीलच. मे महिन्यातला गोळीबार, त्यानंतरचा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना दिलेली फाशी. त्या दिवसांविषयी सरकारी अहवाल एक सांगतो, वर्तमानपत्र दुसरं, आणि नंतर लिहिलेल्या आठवणी तिसरंच. घटनांचा क्रमसुद्धा जुळत नाही. तेव्हा तू काय करतेस? हे कोण लिहितंय, कधी, कुणासाठी, त्यानं पाहिलंय की ऐकलंय, कोणत्या गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे, असं एकेक धरून मागं जातेस.

सॉफ्टवेअरमधलं निम्मं आयुष्य याच कामात जातं. ग्राहक म्हणतो, पैसे कापले आणि पावती आली नाही. सर्व्हरच्या नोंदी, ज्यांना आम्ही लॉग म्हणतो, त्या सांगतात की पावती पाठवली. आणि ज्यानं कोड लिहिला तो म्हणतो, माझ्याकडं तर चालतंय. तीन साक्षीदार, तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक. मी टेस्टर असताना पहिली मोठी चूक पकडली ती अशीच. बिलं भरायच्या एका प्रणालीत काही ग्राहकांची रक्कम आदल्या दिवसाच्या तारखेला पडायची आणि शेवटच्या दिवशी भरणाऱ्यांचा हिशोब विस्कटायचा. दोन चांगले इंजिनिअर आठवडाभर कोड वाचत होते. मला तेव्हा कोड नीट वाचताच येत नव्हता. मी सगळ्या तक्रारी वेळेनुसार एका कागदावर मांडल्या. रात्री बाराच्या आधीची एकही नाही. पहाटे साडेपाचनंतरची एकही नाही. साडेपाच हा आकडा दिसल्यावर उलगडा झाला: एक संगणक भारतीय वेळ लिहीत होता आणि दुसरा साडेपाच तास मागची ग्रिनिचची. जुन्या पत्रांचा कालक्रम लावणाऱ्या माणसाला हे काम नवं नाही.

कोड लिहून देणारी साधनं आल्यावर तर ही नजर जास्तच लागते. ती साधनं छान, आत्मविश्वासानं, कधी कधी साफ चुकीचं लिहितात. आलेला मजकूर खरा कशावरून, हे विचारणारा माणूस लागतो. पण पहिलं वर्षभर ती तू कोड लिहून घ्यायला वापरू नकोस. समजावून घ्यायला प्रश्न विचार, उत्तर लिहून घेऊ नकोस. मोडी शिकताना कुणी सगळं बाळबोधीत उतरवून दिलं असतं तर तुला मोडी आली नसती.

आता बनवायचं काय. क्लासांत सगळ्यांकडून तेच ते करून घेतात: कॅल्क्युलेटर, कामांची यादी, एखाद्या खरेदीच्या वेबसाइटची नक्कल. मुलाखत घेणाऱ्यानं ते शंभरदा पाहिलेलं असतं. तू जुन्या कागदांवरच्या तारखा इसवी सनात बदलून देणारं एक पान बनव.

पहिली पायरी सोपी. शके अधिक ७८. पायथनच्या दोन ओळी. आता त्याला पानिपत घाल: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. तुझा प्रोग्रॅम बेधडक सांगेल, १७६०. आणि तुला तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील, १४ जानेवारी १७६१. चूक कुठं आहे ते तुला तिथंच कळेल. अभियांत्रिकीच्या मुलाला शोधावं लागेल. शकवर्ष चैत्रात सुरू होतं, आणि पौषापर्यंत येता येता इसवी सन कूस बदलतो. त्या महिन्यात काही तिथ्या डिसेंबरात पडतात, काही जानेवारीत, आणि दर वर्षी वेगळ्या. म्हणजे नुसत्या महिन्यावर अट घालून भागत नाही. तिथं तुला पंचांगाची गणितं तरी शोधावी लागतील, नाहीतर ‘१७६० किंवा १७६१’ असं प्रामाणिक उत्तर द्यायला प्रोग्रॅमला शिकवावं लागेल. दुसरं आधी कर.

मग सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहिलेला. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर, हजार. ११६१. त्यात ५९९ मिळवलेस की पुन्हा १७६० आणि पुन्हा पानिपत वर्षभर आधी. कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं, जानेवारीसाठी ६०० मिळवावे लागतात. पुढं लेखनिकांच्या नाना तऱ्हा. एकच आकडा चौघं चार प्रकारे लिहिणार. त्यासाठी शब्दांचा एक कोश करावा लागेल. आणि ओळखीचा नसलेला शब्द आला तर प्रोग्रॅमनं अंदाज ठोकायचा नाही, ‘हा शब्द वाचता आला नाही’ असं सांगायचं. छापील साधनखंडांतल्या, संपादकांनी इसवी सन दिलेल्या पन्नास तारखा घे आणि प्रत्येक बदलानंतर त्या सगळ्या पुन्हा चालवून बघ. आम्ही याला टेस्ट केस म्हणतो. पन्नासांतली एक जरी तुझ्या प्रोग्रॅमशी जुळली नाही तर चूक तुझी की संपादकांची, हे शोधण्यात तुझा एक अख्खा रविवार जाईल. तो रविवार तुला कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळणार नाही.

हे करता करता फंक्शन, अट, कोश, चूक हाताळणं सगळं येऊन जातं. पान दिसायला हवं म्हणून एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट शिकशील. तारखा साठवायच्या म्हणून डेटाबेस आणि एसक्यूएल. रोजचं काम गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदव आणि गिटहब या वेबसाइटवर उघडं ठेव, सोबत हे काय आहे ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून. त्या नोंदींची तारीखवार वही म्हणजे तुझ्या शिकण्याचा दप्तरखानाच. मुलाखतीत कुणी विचारलं, तुम्ही आर्ट्सच्या, तुम्हाला काय येतं, तर पानिपताची गोष्ट सांग. मी मुलाखती घेतल्यात. ती ऐकून मी तुला दुसऱ्या फेरीला नक्की बोलावलं असतं.

गणिताची भीती काढून टाक असं नुसतं म्हणून ती जात नाही, म्हणून काय लागतं ते सांगते. वेबसाइट, डेटाबेस, टेस्टिंग या कामांत कॅल्क्युलस लागत नाही. तर्क लागतो: हे असेल तर ते, दोन्ही असतील तर तिसरं. भरतीच्या चाचणीत मात्र शेकडेवारी, काळ-काम-वेग, गुणोत्तर असतं. त्यासाठी आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं काढ. ई-बालभारतीवर फुकट मिळतात. रोज सहा गणितं, चार महिने. मशीन लर्निंगकडं जायचं असेल तर संख्याशास्त्र आणि पुढचं गणित लागेलच, पण तो आजचा प्रश्न नाही.

आणि वडिलांना एकदा जकार्डविषयी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राविषयी, विचार. चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. बाण्याच्या एकेका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असलं तर ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसलं तर खाली राहतो. जकार्ड नावाच्या माणसानं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला हे बसवलं, आणि चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. गणिती आडा लव्हलेसनं १८४३ साली त्या यंत्रावर टिपणं लिहिली, त्यांत जकार्डच्या मागाचा दाखला आहे. तुझे वडील पायथन शिकलेले नाहीत, पण बिघडलेला मोर बघून कितव्या कार्डाचं भोक चुकलंय ते शोधायचं काम त्यांना परकं नाही. मोर का बिघडतो ते त्यांच्याकडून समजून घे. प्रोग्रॅमिंगची पहिली शिकवणी घरातच होईल.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. प्रोग्रॅम चुकल्यावर संगणक दाखवतो ते संदेश त्याच चाळीस-पन्नास शब्दांत येतात, महिनाभरात ते पाठ होतात. बोलण्यासाठी रोज दहा मिनिटं, आज काय केलं आणि कुठं अडलं ते इंग्रजीत मोठ्यानं बोल आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. ऑफिसात रोज सकाळी नेमकं हेच बोलायचं असतं. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी कानावर घेत वाढलेल्या सोलापूरकराला आणखी एका भाषेचा बाऊ वाटू नये.

पदवीचं विचारलं नाहीस, पण विचारशील. बी.ए. वाल्यांना एमसीएचं दार पूर्ण बंद नसतं. बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, नसेल तर ब्रिज कोर्स आहे का, एवढं सीईटी सेलच्या त्या-त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत बघ. दुसरा रस्ता आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधल्या ऑनलाइन बीएस पदवीचा, जी २०२० पासून सुरू आहे. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा. मधल्या टप्प्यांवर डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं, आणि उत्पन्नानुसार फीत सवलत आहे. अभ्यास खरोखर कठीण आहे. पण दीड लाख कुठं घालायचेच असतील तर मी ते तिथं घालेन, टप्प्याटप्प्यानं, कमावत कमावत. तीन महिन्यांच्या परीक्षेत तू टिकलीस तरच.

मग नोकरी. पहिली नोकरी ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या नावाची नसली तर रुसू नकोस. टेस्टिंग, सपोर्ट, टेक्निकल रायटिंग, मराठी भाषेच्या डेटाचं काम. या चारांतून मी माणसं आत येताना आणि दोन-तीन वर्षांत कोड लिहिताना पाहिलीत. अट एकच, रोजच्या कामातला कंटाळवाणा भाग तिथंच स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून हलका करायचा. लोक आपोआप तुझ्याकडं यायला लागतात. सुरुवात सोलापुरातच कर. शाळा, दवाखाने, पतसंस्था, चादर-टॉवेलचे कारखाने यांना सॉफ्टवेअर करून देणारी दहा-पंधरा जणांची ऑफिसं आपल्याकडं आहेत. पगार कमी असतो. पण तिथं पदवीपेक्षा ‘सोमवारपर्यंत हे जमेल का’ हा प्रश्न मोठा असतो, आणि वर्षभरात तुझ्याकडं खरा, पीएफसहितचा अनुभव जमतो. तो घेऊन मग पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकड. नोकरीसाठी तुझ्याकडूनच पैसे मागणाऱ्या कंपनीच्या मात्र पायरीवरूनच माघारी फिर.

आउटरीची नावाची एक इंटर्नशिप आहे, त्यासाठीही अर्ज कर. मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरमध्ये ज्यांची संख्या कमी आहे अशांसाठी, तीन महिन्यांची, घरबसल्या, ७,००० डॉलर मानधनाची. चुरस फार असते. पण विकिपीडियामागची संस्थाही त्यात प्रकल्प देत आलीय, आणि मराठी विकिपीडिया-विकिस्रोतावर तुझ्यासारखीला करण्याजोगं काम ढीगभर पडलंय. निवड झाली नाही तरी अर्जाआधी जे काम करून दाखवावं लागतं ते तुझ्या नावावर राहतं.

वय. सत्तावीस म्हणजे पुढं तीस वर्षं नोकरी आहे. एवढंच.

आणि पोटात कालवतं ते. त्यावर मलम लावणारं काही लिहिणार नाही. पहिल्या नोकरीत तू विम्याचे अर्ज नाहीतर गोदामातला माल मोजणारी प्रणाली तपासशील, आणि १९३० विषयी तुला कुणी विचारणार नाही. वर्गातल्या त्या पन्नास पोरांची आठवण येईल. मला साहित्याची यायची. हिंजवडीच्या बसमध्ये कविता वाचत जायचे आणि उतरताना पुस्तक पिशवीत टाकताना दर वेळी काहीतरी तुटायचं. चार-पाच वर्षं तसं गेलं. मग पगार स्थिर झाला, संध्याकाळी माझ्या झाल्या, आणि मी पुन्हा लिहू लागले, या वेळी मानधन कधी येणार याची वाट न बघता. तुझी सेट कुठं जात नाही. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते हे तुलाही माहीत आहे. जाहिरात निघाली तर अर्ज कर, मी अडवणार नाही. पण तिच्या वाटेकडं डोळे लावून तिसावं, बत्तिसावं वर्ष काढू नकोस. महाराष्ट्रात मोडी कागदांचे ढीग वाचल्याविना पडलेत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली ती २०१४ साली. ते कागद वाचणारी आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तुझं तारखांचं पान एक जरी संशोधक वापरू लागला तरी तुला कळेल की आपण इतिहासातून बाहेर पडलेलो नाही.

आज रात्री एवढंच कर. पायथनमध्ये ‘सोलापूर’ हा शब्द टाइप कर आणि त्याची लांबी विचार. आपण म्हणू, सो-ला-पू-र, चार. उत्तर सात येईल. मग ‘तऱ्हा’ हा शब्द दोनदा लिही. एकदा त्यातला ऱ एकाच चिन्हाचा, एकदा साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतील. हे दोन शब्द एकच का, असं संगणकाला विचार. तो नाही म्हणेल. सात का आले आणि नाही का म्हणाला, हे मला दहा ओळींत लिहून पाठव, मराठीत. आणि खाली आईची सही घे, पाटल्या कपाटात आहेत म्हणून.

तुझी ताई